बर्फाच्या पाण्याचा खर्च

देऊळघाट, ९ मार्च २०२५

कु. उमैमा हिस,

पत्र पाहून तुला नवल वाटेल. फोनवर माझ्या मनातलं आवाजावरून लगेच ओळखू येतं, म्हणून लिहायला बसले. गेल्या जूनमध्ये तू नाशिकला गेलीस, तेव्हापासून तुझे फोन मी उचलले नाहीत. आता तू करतही नाहीस. पत्रात तेवढी अडचण येत नाही.

काम छोटं आहे. तुमच्या अकादमीत बर्फाच्या पाण्याचा जो टब आहे, तसा घरी बसवायला काय खर्च येतो, हे तुझ्या सरांना विचारून कळव.

तुझा त्या टबातला व्हिडिओ शाळेत सगळ्यांनी पाहिला. मराठीच्या बाईंनी मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "तुमची उमैमा पाहा." तू गळ्यापर्यंत बर्फात बसलेली. शेजारी तुझे सर, हातात घड्याळ. तरुण दिसतात. दाढी करत नाहीत वाटतं. खाली 'दहा मिनिटं, ४ अंश' असं लिहिलेलं. आणि तू म्हणालीस, "गावात आमचे पाय दुखले की गरम पाण्यात मीठ टाकून बसवायचे. आता कळलं, ते चूक होतं." तू हसलीस. ते पण हसले.

ते पाणी मी तापवायचे, उमैमा. तू सहावीत होतीस तेव्हापासून. तुझ्या नडग्या दुखायच्या, सरावानंतर तू आमच्या ओट्यावर बसायचीस आणि मी गॅसवरून पातेलं उतरवून घमेल्यात ओतायचे. चूक असेल. मला कुणी शिकवलं नव्हतं. मी ते मनावर घेतलेलं नाही.

पण सध्या माझ्याकडे एक नवी मुलगी तयार होते आहे. छकुली, भाजीपाला लावतात त्या गुलाबरावांची. आठवीत आहे. तिच्या बाबतीत तरी चूक नको, म्हणून विचारते. बाकी काही नाही.

रोजे चालू असतील. रमजानमध्ये तुझा सराव मी इफ्तारनंतर ठेवायचे. तिथे काय करतात?

पुष्पांजली वानखडे
क्रीडा शिक्षिका

देऊळघाट, ६ एप्रिल २०२५

उमैमा,

तुझं उत्तर मिळालं. तू ईदला दोन दिवस घरी येऊन गेलीस हे मला मतीनकडून कळलं. तुझ्या भावानं शीरखुर्म्याचा डबा आणून दिला आणि म्हणाला, "म्याडम, तिले टाइमच नाही भेटला." तुमच्या घरापासून माझं घर केवढं लांब आहे, हे मी त्याला विचारलं नाही. शीरखुर्मा चांगला होता. तुझ्या अम्मीला, खुर्शीदाभाभींना सांग.

तू लिहितेस, 'सर म्हणतात, गार करणारं मशीन लावलेला टब दीड लाखाच्या पुढे जातो. वरून वीज, वरून पाणी बदलणं. गावात त्याची गरज नाही, तुम्ही खर्चात पडू नका.'

शेवटचं वाक्य तुझं की त्यांचं? तुझं असेल तर ठीक आहे. त्यांचं असेल तर त्यांना सांग की या गावातल्या मातीच्या मैदानावर धावूनच तू त्यांच्यापर्यंत पोचलीस. तयार मुलगी घ्यायला काही लागत नाही.

मी बर्फानं सुरुवात केली आहे. पाण्याची एक टाकी वरून कापून घेतली आणि बुलढाण्याच्या कारखान्यातून बर्फाच्या लाद्या ऑटोत घालून आणल्या. पोत्यात गुंडाळून, वर भुसा टाकून. तरी घाटाखाली येईपर्यंत अर्ध्या पाणी झाल्या. ऑटोवाला सीट ओली झाली म्हणून कुरकुर करत होता. आमच्या ह्यांनी रात्री हिशोब केला आणि म्हणाले, "पुष्पा, रोज असा बर्फ आणाले लागला तं आपलं दुकानच थंड होईन." त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे. दुकानात वही-पेन विकता विकता सगळ्या गोष्टीला हसतात.

छकुलीनं पाय घातले आणि म्हणाली, "म्याडम, हे तं पाय कापून राह्यलं." मी म्हटलं, "उमैमा बसते ना." मग ती बसली. तुझं नाव घेतलं की ती काहीही करते. तुझा पेपरात आलेला फोटो तिनं वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवला आहे. शेजारी मी पण उभी होते त्या फोटोत. तिनं कापताना मला वगळलं.

ती आठवीत आहे आणि आठवीतल्या उमैमापेक्षा पुढे आहे. तुला माहीत असावं म्हणून लिहिते.

पु. वानखडे

देऊळघाट, १८ मे २०२५

उमैमा,

मतीननं तुला फोनवर सगळं सांगितलं असेलच. तरी माझ्याकडून ऐक.

उन्हाळ्यात बर्फ परवडत नाही. चिखलीत एक आइस्क्रीमचं दुकान बंद झालं, त्यांचा आडवा डीप फ्रीजर विकायला होता, ज्याचं झाकण वर उघडतं तो. मतीनला घेऊन गेले. फ्रीज दुरुस्तीत त्याचा हात आहे, म्हणून दुसऱ्या कुणाला विचारलं नाही. तो फ्रीजरभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, "म्याडम, हे पाणी भराले बनवेल नाही. मांस नाही तं कुल्फी ठेवा याच्यात." मी म्हटलं, लोक करतात, मी पाहिलं आहे. आतले सगळे सांधे सिलिकॉननं बंद करायचे, पाणी भरायचं, तापमान धरणारं एक बटण लावायचं. तो म्हणाला, "करून देतो. पण एक गोष्ट. माणूस आत उतरलं की वीज चालू नाही पाह्यजे. कधीच नाही." झाकणावर त्यानं जाड पेननं लिहून ठेवलं, 'प्लग काढल्याशिवाय उतरू नये.' वेगळी अर्थिंगची तार पण ओढून दिली. मजुरी घेत नव्हता. मी जबरदस्तीनं दिली.

फ्रीजर, टेम्पो, सिलिकॉन, बटण, पंप, गाळणी, नवं वायरिंग. आमच्या ह्यांनी दुकानात झेरॉक्सच्या नव्या मशीनसाठी जे बाजूला ठेवलं होतं ते सगळं त्यात गेलं. जुनं मशीन कागद चावतं. शाळा सुरू झाल्या की दाखल्यांच्या झेरॉक्ससाठी रांग लागते, तेव्हाच त्यांची कमाई असते. ते एक शब्द बोलले नाहीत. मी मुद्दाम विचारलं, "काही म्हणायचं आहे का?"

ते म्हणाले, "मले फक्त एक सांग. हे त्या पोरीसाठी करून राह्यली का त्या नाशिकच्या सराले दाखवाले?"

मी म्हटलं, "त्या माणसाचं नावही मला माहीत नाही."

ते म्हणाले, "हाव. तेच तं."

मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाही. नाव मला माहीत आहे, उमैमा. त्यांचं प्रोफाइल मी रोज बघते. त्यांच्याकडे तुझे एकोणीस फोटो आहेत. माझ्याकडे जास्त आहेत, पण ते कुणी बघत नाही.

पेटी आता अंगणात जांभळीच्या सावलीत आहे. पाणी काठोकाठ, स्वच्छ, तळ दिसतो. सकाळी झाकण उघडलं की वाफेसारखं धुकं येतं. शेजारच्या बाया बघायला येतात. एकजण म्हणाली, "याच्यात काय, पाण्याच्या बाटल्या थंड करता का?" मी म्हटलं, खेळाडू.

एक फोटो सोबत पाठवते. तुझ्या सरांना दाखवलास तर माझी हरकत नाही.

पुष्पांजली मॅडम

देऊळघाट, २२ जून २०२५

उमैमा,

थोडक्यात लिहिते, कारण शाळा सुरू होत आहे आणि कामं पडली आहेत.

छकुली आठवडाभर सरावाला आली नाही. तिला ताप आहे. हवा बदलली की मुलं आजारी पडतात. पेटी सध्या बंद ठेवली आहे, लाइट सारखी जाते म्हणून.

एक विचारायचं होतं. व्हिडिओत तू जी दहा मिनिटं बसलीस ती सलग होती का? आणि पाणी किती अंशांवर होतं? खाली चार लिहिलं होतं. खरंच चार होतं? तू कधी मधेच बाहेर येतेस का? आल्यावर काय करतात, पांघरूण घालतात का, चहा देतात का?

सहज विचारते. उत्तर मात्र लवकर पाठव.

पु. मॅ.

देऊळघाट, ६ जुलै २०२५

प्रिय उमैमा,

तुझं पत्र काल आलं. तू मतीनला विचारलंस आणि त्यानं सांगितलं, हे बरं झालं. नाहीतर मी अजून तापावरच भागवलं असतं.

तुझ्या पत्रातल्या या ओळी मी आमच्या ह्यांना वाचून दाखवल्या. 'मॅडम, मी दीड मिनिट बसले होते. मग रडायला लागले म्हणून सरांनीच बाहेर काढलं. बाकीचं कापून जोडलं आहे. पाणी चार अंश नव्हतं, बारा-तेरा असेल. दहा मिनिटं लिहायला अकादमीच्या फेसबुकवाल्या मुलानं सांगितलं. सर त्याच्यावर चिडले होते.' ऐकून हे उठले आणि अंगणात जाऊन उभे राहिले.

आता काय झालं ते माझ्याकडून ऐक.

पाणी मी चारवर ठेवलं होतं. छकुली उतरली, नेहमीसारखी कण्हली. पाच मिनिटांनी म्हणाली, "बस झालं म्याडम." मी म्हटलं, "उमैमा दहा बसते." ती पुन्हा खाली बसली. मग ती गप्प झाली. मला वाटलं, जमलं. मी खूश झाले, उमैमा. घड्याळ बघत होते आणि मनात म्हणत होते की आता हिचा व्हिडिओ काढून टाकायचा, तुझ्या सरांना दिसेल असा. मोबाइल आणायला मी आत गेले. आले तेव्हा तिची हनुवटी पाण्याला टेकली होती आणि ओठ वांग्याच्या रंगाचे झाले होते. मी हाक मारली तर तिनं काहीतरी उत्तर दिलं, पण शब्द नव्हते. तिला पेटीच्या काठावरून ओढून काढताना माझे हात घसरत होते. मी ओरडले तसे हे दुकानाला निघालेले मागे फिरले. दोघांनी मिळून तिला घरात आणलं, कपडे बदलले, घरातल्या सगळ्या गोधड्या घातल्या आणि बुलढाण्याला दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत ती व्यवस्थित बोलायला लागली. डॉक्टर वयानं माझ्याहून लहान. म्हणाले, "कोणी सांगितलं हे करायला?" मी तुझं नाव सांगणार होते. नाही सांगितलं.

गुलाबराव दवाखान्यात आले ते वावरातून तसेच, पायाला चिखल. ते भांडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "म्याडम, पोरगी तुमच्या भरोशावर धाडली होती म्या." एवढंच. मग खाटेजवळ बसून तिचे तळवे चोळत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पेटीचा प्लग काढला आणि स्वतः उतरले. तोपर्यंत मी कधी हातसुद्धा कोपरापर्यंत बुडवला नव्हता, हे तुला खरं वाटणार नाही. मला श्वासच घेता येईना. छाती कुणीतरी दोन्ही बाजूंनी दाबून धरावी तसं झालं. हे बाजूला टॉवेल घेऊन उभे होते. मी लगेच बाहेर आले आणि अंगणातल्या फरशीवर बसून राहिले. हे टॉवेल माझ्या खांद्यावर टाकून शेजारी बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "पुष्पा, ते पोरगी तुह्याकून गेली नाही. ते पळाले गेली. तिले पळताच येते." हे तुझ्याबद्दल होतं.

मला त्या माणसाचा हेवा वाटतो, उमैमा. तुझे दम लागलेले फोटो त्यांच्याकडे आहेत म्हणून वाटतो. तू थकून आलीस की पहिलं कुणाकडे बघतेस, ते मला माहीत आहे म्हणून वाटतो. तुला सोळाव्या वर्षी जे मिळालं ते मला द्यायचं होतं आणि माझ्याकडे नव्हतं. तू गेलीस हे बरोबर केलंस, हेही मला तेव्हाच कळत होतं. कळून काही कमी होत नाही.

पेटी मी विकायला काढली आहे.

तुझी
पुष्पांजली मॅडम

देऊळघाट, ३ ऑगस्ट २०२५

प्रिय उमैमा,

पेटी मतीननंच उपसली. सिलिकॉनचा वास जाता जात नाही म्हणून खायचं काही ठेवायला कुणी घेईना. शेवटी बुलढाण्यातल्या हारवाल्यानं नेली. लग्नसराईत त्याला हार ताजे ठेवायला उपयोगी पडेल. जे आलं त्यात झेरॉक्सचं मशीन काही येत नाही. ह्यांनी अमडापूरच्या एका दुकानदाराचं जुनं मशीन उचललं. ते निदान कागद चावत नाही.

छकुलीकडे मी गेले होते. घरी नाही, वावरात गेले, कारण घरी बायका असतात आणि सगळ्या चांगलंच बोलतात. गुलाबराव भेंडी तोडत होते. मी बांधावर उभी राहिले आणि जे डॉक्टरांना सांगितलं नव्हतं तेही सांगितलं, की मी व्हिडिओसाठी मोबाइल आणायला आत गेले होते. ते तोडता तोडता ऐकत होते. त्यांनी मला बस म्हटलं नाही. टोपली भरल्यावर म्हणाले, "ते रोज मले विचारते, सरावाले कधी जाऊ. म्या नाही म्हणतो. मंग ते वावराभोवती पळते. माह्या भेंडीवरून पळते म्याडम, झाडं मोडते."

त्यांनी दुसरी टोपली ओढून घेतली.

"धाडतो," ते म्हणाले. "पाण्यात नाही. आन् मी येऊन बसीन."

ते येतात. मैदानाच्या भिंतीवर बसून असतात, विडी हातात, पेटवत नाहीत. मला त्यांची सवय झाली आहे.

छकुली तुझ्याबद्दल विचारते. दिवाळीत आलीस तर तिला भेट. मला भेटलीच पाहिजेस असं नाही.

पुष्पांजली मॅडम

देऊळघाट, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय उमैमा,

तू दिवाळीत आलीस, आमच्या घरी तीनदा आलीस आणि छकुलीला घेऊन बुलढाण्याच्या रस्त्यावर पळलीस. तुला वाटलं असेल मी आनंदात होते. होतेही. पण खरं लिहायचं ठरवलं आहे, तर तेही लिहिते. तुम्ही दोघी घाट चढत होतात आणि मी मागून ह्यांच्या स्कूटीवर होते. वळणावर ती तुझ्याकडे बघून हसली. वर्षभर मी तिला रोज पळवते, माझ्याकडे बघून ती तशी कधी हसली नाही. मला तिथे तुझाच राग आला. हे मला म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, डोळ्यात काहीतरी गेलं.

शेवटच्या दिवशी मी तुला म्हटलं की चढावर तुझे खांदे वर येतात, ते सोड. तू म्हणालीस, "सर पण हेच म्हणतात." तू सहज बोललीस. रात्री जेवताना मी ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तो माणूस बरोबर शिकवून राह्यला." 

आता तुझ्या सरांविषयी. तू छकुलीचं नाव त्यांना सांगितलंस. त्यांचा मला फोन आला. आवाज मला वाटला होता तितका तरुण नाही. त्यांनी आधी मला नमस्कार केला, मग म्हणाले, जानेवारीत निवड आहे, मुलीला पाठवा आणि आधीच्या प्रशिक्षकांनी तिच्याबद्दल एक पान लिहून द्यावं, अशी आमची पद्धत आहे. तुझ्या वेळी मला कुणी विचारलं नव्हतं. मी त्यांना तसं म्हटलंही. ते म्हणाले, "तेव्हा ही पद्धत नव्हती मॅडम. उमैमाच्या सवयी समजायला मला सात-आठ महिने लागले, म्हणून ठेवली."

 त्यांना आठ महिने लागले हे ऐकून मला बरं वाटलं, हे तुझ्यापासून लपवत नाही.

गुलाबरावांना मी सांगितलं. ते दोन दिवस भिंतीवर बसायला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, "तिथं बायामाणसं हायेत ना देखरेखीले?" मी म्हटलं, उमैमा आहे. ते म्हणाले, "मंग जाऊ द्या."

काल मी ते पान लिहायला बसले. 'मुलगी मेहनती आहे, शिस्तीची आहे.' एवढं लिहून थांबले. तेवढ्यावर तिची निवड झाली असती. पण तिच्यात एक खोड आहे जी फक्त मला माहीत आहे. शेवटच्या फेरीत कुणी जवळ आलं की ती मान वळवून मागे बघते आणि तिथेच तिचा वेग तुटतो. ओरडून सांगितलं तर आणखी बघते. 'मागे बघू नको' म्हटलं तर हमखास बघते. त्यावर उपाय मला मोठ्या मुश्किलीनं सापडला आणि तो मी कुणाला सांगितलेला नाही.

मी पेन खाली ठेवलं. स्वयंपाकघरात गेले, चहा केला, प्याले. मनात म्हटलं, त्यांनाही लागू देत आठ महिने. शोधू देत. तोवर ती तिथे हरेल आणि तिला वाटेल, आपल्या मॅडमना हे कळत होतं.

मग मी परत येऊन बसले आणि लिहिलं:

'शेवटच्या फेरीत ही मुलगी मागे बघते. तिला रागावू नका. वळणाच्या पुढे, तिला दिसेल अशा जागी उभे राहा आणि फक्त नावानं हाक मारा, एकदाच, हळू. हाक समोरून आली की ती समोर बघते. मग तिला कुणी गाठू शकत नाही.'

खाली सही केली, पाकीट चिकटवलं आणि मन बदलायच्या आत ह्यांना म्हटलं, दुकानाला जाताना पोस्टाच्या पेटीत टाका. त्यांनी पत्ता वाचला. वर तुझ्या सरांचं नाव मी पूर्ण लिहिलं होतं, मागे श्री. आणि पुढे सर लावून. ह्यांनी पाकीट खिशात घातलं आणि स्कूटी सुरू केली. फाटकापाशी थांबून म्हणाले, "जाऊन राह्यलो मग."

मी म्हटलं, "हाव. जा."

तुझी
पुष्पांजली मॅडम